दबकत चालायची सोय

इंग्रजीत हळू किंवा आवाज न करता जायला जेवढी क्रियापदं आहेत, तेवढ्या आमच्या कुंभार पिंपळगावातून घनसावंगीला जायला दिवसभरात गाड्या नाहीत. क्रीप, क्रॉल, स्नीक, स्लिंक, साइडल, प्राउल, टिपटो, शफल, सॉन्टर, एज, इंच. नुसती यादी वाचतानासुद्धा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. पाव जगावर राज्य केलेल्या लोकांनी पाऊल न वाजवता घरात शिरण्याचे इतके प्रकार जपून ठेवावेत, यात काहीतरी अर्थ असणार. पण तो इतिहासाचा तास झाला. माझ्याकडं संध्याकाळी जी पोरं येतात, ती इंग्रजीच्या तासाला येतात.

या पोरांचं आणि इंग्रजीचं नातं तसं जुनं आहे. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आमच्या पिढीला ते पाचवीत भेटायचं आणि दहावीत गाठायचं. या पोरांना पहिलीपासून ओळख आहे, फक्त येणं-जाणं नाही. कम, गो, वॉक आणि रन या चार शब्दांवर बारावी निघते. पुढं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हातात येतं आणि त्यात समानार्थी शब्दांच्या पानावर ही सगळी दबकी मंडळी ओळीनं उभी असतात. गाइड लिहिणाऱ्यानं सगळ्यांपुढं एकच अर्थ छापलेला: हळूच जाणे. कुणाकुणापुढं चव बदलायला म्हणून ‘हळू हळू जाणे’.

यात गाइडवाल्याचा दोष थोडाच. लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये जगातल्या भाषांची एक वाटणी मांडली. इंग्रजीसारख्या भाषा माणूस कसा गेला ते क्रियापदातच कोंबतात आणि कुठं गेला ते मागून जोडतात. स्पॅनिशसारख्या भाषा आत गेला की बाहेर गेला ते क्रियापदात सांगतात आणि कसा गेला ते शेजारी वेगळं ठेवतात. आपण बहुतेक वेळा या दुसऱ्या घरातले. रांगणं, सरपटणं, खुरडणं, घुटमळणं हे आपल्याकडंही आहे, पण बोलताना आपण दबकत आला, चोरपावलांनी गेला, चवड्यांवर चालत बाहेर पडला असंच म्हणतो. इंग्रज एका शब्दात जातो. आपल्याकडं शब्दसुद्धा जोडीनं जातात. एकट्याला पाठवायची आपली रीत नाही.

अर्थ पाठ होईनात म्हणून मी पोरांना म्हणालो, करून दाखवा. सुरुवात टिपटोनं केली, कारण ते सोपं वाटलं. एका पोराला चप्पल काढून चवड्यांवर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लावलं. तो निम्म्यात पोचला तोच समोरच्या ओट्यावरून मावशींचा आवाज आला, “काय झालं रं पायाला? काटा मोडला का?” तो म्हणाला, नाही मावशी, इंग्रजी आहे. मावशींनी घरातून सुई पाठवून दिली.

एवढं ऐकून थांबावं, तर तेवढ्यात पत्र्यावरून मांजर गेलं. पुस्तकात चित्र असतं, मांजर पाय न वाजवता चाललंय आणि खाली लिहिलंय ‘पॅड’. ते चित्र काढणाऱ्याचं घर कौलारू किंवा स्लॅबचं असणार. आमच्याकडं पत्र्यावरून मांजर गेलं की खाली झोपलेला माणूस उठून बसतो आणि कोण आहे म्हणून विचारतो. पॅड हा शब्द आम्ही पुढच्या तासावर ढकलला.

खरी अडचण निघाली ती स्नीकची. स्नीक म्हणजे कुणाच्या नजरेस न पडता जाणं. आता हे करायला गावात निदान एक रस्ता तरी असा हवा, की जिथं कुणी बसलेलं नाही. तसा रस्ता आमच्याकडं अजून कुठल्या योजनेत मंजूर झालेला नाही. आमच्या गल्लीतले एक तात्या किराणा दुकानाची उधारी थकल्यामुळं काही दिवस मागच्या बोळानं ये-जा करत होते. पहिल्या दिवशी अंगण झाडणाऱ्या काकूंनी विचारलं, “कुठं निघाले तात्या, आज इकडून?” पुढं पारावरच्या पोरांनी विचारलं, “तात्या, पुढला रस्ता बंद आहे का?” बोळाच्या तोंडाशी म्हातारे नाना बसलेले, त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसतं मोठ्यानं हसून घेतलं. आणि बोळ संपतो तिथं दुकानदार स्वतः आपल्या परसात तोंड धूत उभा. तो म्हणाला, “या की. वही आणतो, बसा.” तात्या पुढच्या रस्त्यानं गेले असते तर गिऱ्हाइकांच्या गर्दीत कदाचित दिसलेही नसते.

‘कुठं निघाले?’ या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं, असं शहरातून आलेल्या पाहुण्यांना सांगावं लागतं. ते बिचारे खरं कारण सांगत बसतात. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी कुणाला जाऊ देत नाही, हेही खरं. स्नीक, स्लिंक, साइडल या तिन्ही क्रियापदांचा आमच्याकडं शेवट तिथंच होतो. ज्या देशात शेजारी कुठं चाललाय हे विचारणं उद्धटपणा मानतात, तिथंच ही क्रियापदं वाढणार. पिकाला जमीन मानवावी लागते.

रात्री तरी दबकून चालता येत असेल, असं कुणाला वाटेल. पण रात्री कुत्री असतात, आणि शेतात साप. रात्रपाळीची थ्री-फेज असली की उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस हातात बॅटरी आणि काठी घेतो आणि मुद्दाम पाय आपटत, काठी ठोकत चालतो. सापाला जमिनीचे हादरे कळतात. आपण येतोय हे त्याला आधी कळलं तर तो वाटेतून बाजूला होतो, आणि दोघांचंही भलं होतं. म्हणजे गावात शेजारी आवाज न करता जाऊ देत नाहीत आणि शेतात आवाज न करता जाणं जिवावर बेततं. दबकण्याला चोवीस तासांत जागाच उरत नाही.

मग मी दुसरं टोक धरलं. गुपचूप राहू दे, निदान हळू तर शिकवू. हळू चालण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतो, तेव्हा त्याच्या मागं अडकलेल्या मोटारसायकलवाल्याला क्रॉल शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण त्या ट्रॅक्टरवर दोन कर्णे असतात आणि एकच गाणं घनसावंगीपर्यंत पुरतं. नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत यायला एवढा वेळ घेते की तेवढ्यात एखादा जालन्याला जाऊन आहेराचं पातळ बदलून आणील. त्या वरातीत मात्र घराच्या भिंतीवरची भांडी थरथरत असतात. एवढं पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की सावकाश आणि गुपचूप या दोन गोष्टी आमच्याकडं एका छपराखाली नांदत नाहीत. जे हळू जातं ते वाजत जातं. जे न वाजता जातं ते भुर्रकन जातं: लाइट, पगार आणि पाहुण्यासाठी केलेली भजी.

सॉन्टरपाशी जरा आशा वाटली. सॉन्टर म्हणजे रमतगमत, कसली घाई नाही अशा चालीनं जाणं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याचा चालण्यावरचा निबंध १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यानं या शब्दाची मोठी गंमत सांगितली आहे. जुन्या काळी लोक ‘सँत तेर’ला, म्हणजे पवित्र भूमीला निघालोय असं सांगत गावोगाव भिक्षा मागत हिंडायचे, त्यावरून सॉन्टर आला, असं तो म्हणतो. शब्दांचे जाणकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत, पण पोरांना ती एकदम पटली. “म्हणजे दिंडी, सर.” दिंडी खरी. पण टाळ-मृदंग वगळून दिंडी पंढरपूरला कशी न्यायची? थोरोनं दुसरीही एक शक्यता सांगितली आहे: ‘सां तेर’, म्हणजे ज्याला जमीन नाही तो. हे ऐकल्यावर वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी माना डोलावल्या. जमीनवाल्याला रमतगमत फिरायला सवड कुठली? तो फिरायला म्हणून निघाला तरी पाय बांधाकडं वळतात, आणि बांधाकडं गेलेला माणूस शांतपणे परत येत नाही. बांधाचं पुढं सांगतो.

मधेच एक प्रकरण झालं ते सांगायला हवं. उदाहरणं जवळची घ्यावीत म्हणून मी एक वाक्य रिकाम्या जागेसह फळ्यावर लिहिलं. जांब समर्थ आमच्यापासून जवळच. १६०८ साली तिथं समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि भटजींनी ‘सावधान’ म्हटल्याबरोबर ते लग्नमंडपातून निघून गेले, ही गोष्ट इथल्या पोरांना अंगाईच्या वयापासून ठाऊक. प्रश्न असा, की समर्थ मंडपातून कसे गेले? एकानं लगेच उत्तर दिलं, “स्नीक्ड.”

दारात आबा बसले होते. ते नातवाला न्यायला येतात आणि तास संपेपर्यंत थांबतात. त्यांनी विचारलं, “त्याचं मराठी सांग.”

“चोरून जाणे.”

“समर्थांना चोर म्हणतो व्हय रं?” आबा काठी टेकून उभे राहिले. मी घाईघाईनं म्हणालो, नाही आबा, तो शब्द चुकला, ‘स्लिप्ड अवे’ घेऊ. त्याचा अर्थ निसटले. आबा म्हणाले, “निसटायला ते काय साबण हायेत?” एकानं फ्लेड सुचवला, पण तो पळपुट्याचा शब्द. टिपटोवर कुणी हरकत घेतली नाही, पण बारा वर्षांचा मुलगा मुंडावळ्या सांभाळत चवड्यांवर चाललाय, हे चित्र आबांपुढं मांडायची माझीच हिंमत झाली नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, भरल्या मांडवातून सगळ्यांदेखत गेले ते. हळू पण नाही अन् गुपचूप पण नाही. ते या यादीत येतातच कशाला?” मी रिकाम्या जागेत ‘लेफ्ट’ लिहिलं. आबा बसले.

गाइडमधल्या ‘स्टील’वर मात्र वाद झाला नाही. त्याचा एक अर्थ चोरणं, दुसरा अर्थ गुपचूप जाणं-येणं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या मंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीला दोन्ही अर्थ एका रात्रीत कळले. पुढं पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या. पण त्या रात्री वाटेत ‘कुठं निघाले?’ विचारणारं कुणीच कसं भेटलं नाही, हे आबांना अजून खटकतं. गावाचा तो एक प्रश्न विचारायचा राहून गेला, असं ते म्हणतात.

एज आणि साइडल आम्ही प्रवासात शिकलो. काळी-पिवळी जीपमध्ये चौघांच्या बाकावर सातवा बसतो तेव्हा तो बसत नाही, तर अंगाचा एक कोपरा आत घालतो आणि बाकीचं शरीर गाव येईपर्यंत हप्त्याहप्त्यानं मागवून घेतो. ड्रायव्हर स्वतः निम्मा बाहेर असतो. यापेक्षा चांगलं उदाहरण ऑक्सफर्डच्या कोशात असलं तर मला दाखवावं.

स्नेल्स पेस हा शब्दप्रयोग आला तेव्हा पोरं हसली नाहीत, याचं मला आधी नवल वाटलं. साऱ्या जगात गोगलगाय ही थट्टेचा विषय. पण २०२२ च्याच खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची नुकती उगवलेली रोपं रातोरात खाऊन टाकली होती. कितीजणांना दुबार पेरणी करावी लागली. दिवसा ती कुठंतरी सावलीला चिकटून बसते, रात्री निघते, आणि सकाळी शेतकऱ्याला ओळच्या ओळ नाहीशी दिसते. बंदोबस्त म्हणून लोक गुळाच्या पाण्यात पोती भिजवून संध्याकाळी शेतात पसरायचे. गोडाला भुलून गोगलगायी पोत्याखाली जमल्या की सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. आमच्याकडच्या पोरांचे मामा-मावशा त्या भागातले, त्यामुळं हे सगळं त्यांनी फोनवर ऐकलेलं. शास्त्रज्ञांनी गोगलगायीच्या प्राणिवर्गाला गॅस्ट्रोपोडा नाव दिलं. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि त्यापुढं पाय. आमच्या आज्यांनी ग्रीकच्या वाटेला न जाता ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ हेच कितीतरी सुनांबद्दल सांगून ठेवलं आहे.

हळू आणि गुपचूप या दोन्ही गोष्टी जमलेला एक प्राणी सापडला, म्हणून मी खूश होतो. तेव्हा त्याच मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “सर, अजून एक आहे. बांध.”

वर्ग एकदम गप्प झाला. ज्यांना शेती नाही त्यांना सांगायला हवं, की दोन शेतांमधला मातीचा बांध, कुणी त्याला धुरा म्हणतं, हा नकाशावर स्थिर असतो आणि जमिनीवर नसतो. दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, बांधाच्या अंगाला जास्त घेतलं जातं. थोडी माती इकडची तिकडं पडते. बांधावरची एखादी बाभूळ, जी आजोबांच्या वेळी मधोमध होती, ती नातवाच्या वेळी एकाच्याच शेतात उभी दिसते. विचारलं तर उत्तर तयार: “ट्रॅक्टरवालं पोरगं नवीन होतं, त्याला काय माहीत बांध कुठंय.” ते पोरगं दरवर्षी नवीनच असतं. आणि चूक दरवर्षी एकाच बाजूला होते.

पाय नाहीत, आवाज नाही, कुत्रं भुंकत नाही, पारावरचं कुणी ‘कुठं निघाले?’ म्हणून विचारत नाही. साऱ्या इंग्रजी यादीला लाजवील असं चालणं आमच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं, आणि मी पोरांना मांजराची चित्रं दाखवत होतो. याच्या मागं डोकी फुटली आहेत, भाऊ भावाच्या मयतीला गेलेला नाही, मोजणीची फी भरून पुन्हा फेरमोजणीची भरली आहे. राज्य सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये एक योजना काढली: एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षांहून जास्त चाललं असेल तर दोघांनी अदलाबदल करून घ्यावी, मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. योजनेचं नाव ‘सलोखा’ ठेवलं. नाव ठेवणाऱ्याला शेतीतलं कळत असणार, कारण त्यानं जे नाही नेमकं तेच नाव दिलं.

आता या चालीला क्रियापद कोणतं? क्रीप चालेल, असं काहींचं मत पडलं. मी म्हणालो, त्याहून नेमकं आहे. इंच. इंग्रजीत इंच हे माप आहे तसं क्रियापदही आहे. तसूतसूनं पुढं सरकणं. ‘द बंड इंचेज एव्हरी इयर.’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि तासाला प्रथमच चर्चा व्याकरणाची झाली. ज्यांचे बांध बाजूबाजूला आहेत अशी दोन पोरं योगायोगानं एकाच बाकावर बसतात, निदान त्या दिवसापर्यंत बसत होती. एक म्हणाला, “सर, यात कर्ता बांध आहे ना? म्हणजे बांध आपला आपण सरकला.” दुसरा म्हणाला, “कर्ता त्याचा बाप पाहिजे.” पहिल्यानं मराठीची साक्ष काढली. गावात ‘बांध सरकला’ असंच म्हणतात. ‘सरकवला’ असं पंचनाम्यातसुद्धा कुणी बोलत नाही. त्याचं चुकत नव्हतं. इतर कशातही एकमत नसलेल्या दोन भाषांचं या एका मुद्द्यावर एकमत आहे, की बांध स्वतः चालतो. दुसऱ्या पोरानं वही मिटली.

वातावरण निवळावं म्हणून मी गणिताकडं वळलो. त्यात तरी बाप येणार नाही असं वाटलं. धरा, चौरस एकर आहे. एकराची एक बाजू साधारण २०८ फूट. बांध वर्षाला एक वीत सरकला, म्हणजे नऊ इंच, पाऊण फूट. किती जमीन गेली? मुलीनं लगेच सांगितलं, १५६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. तिनं भागाकार केला आणि म्हणाली, “सात वर्षांत एक गुंठा, सर.” दारातून आबा म्हणाले, “बरोबर आहे.” त्यांनी भागाकार केलेला दिसला नाही. त्यांना उत्तर आधीपासून माहीत असावं, आणि कुठल्या बाजूनं माहीत होतं ते कुणी विचारलं नाही.

तास संपल्यावर बांधवाल्या दोघांतला पहिला पोरगा मागं थांबला. इंच, इंच्ड, इंच्ड, अशी रूपं त्यानं नीट उतरवून घेतली होती. म्हणाला, “सर, सात वर्षं इंच केल्यावर गुंठा होतो. मग ‘टू गुंठा’ असं क्रियापद आहे का?”

मी म्हणालो, नाही.

तो म्हणाला, बरं. आणि खाली लिहिलं: गुंठा, गुंठेड, गुंठेड.